बोलणे दर वेळी एकाच जागी का अडते? मेळघाटात काम करणाऱ्यांसाठी समस्या निवारण

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत नव्याने रुजू झालेल्या परिचारिका, शिक्षक, ग्रामसेवक आणि संस्थांचे कार्यकर्ते यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. घरी जाऊन लेकराला दवाखान्यात का न्यायचे ते सगळे नीट समजावून सांगितले, घरच्यांनी ऐकून घेतले, शेवटी ‘हो’ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी राहिली तेव्हा आई लेकराला घेऊन शेतावर निघून गेलेली होती. पुढच्या खेपेला कार्यकर्ता जरा चढ्या आवाजात बोलतो, त्यापुढच्या खेपेला दम देतो, आणि मग अशी वेळ येते की त्याला लांबून येताना पाहूनच दारातली माणसे आत जातात. गाव बदलले, घर बदलले, विषय लसीकरणाचा असो, मुलांच्या शाळा सोडण्याचा असो की बालविवाहाचा, बोलणे त्याच वळणाने जाते आणि त्याच जागी अडते.

या तक्रारीवर बहुतेक वेळा कोरकू या मेळघाटातल्या आदिवासी समाजाच्या चालीरीतींची माहिती देऊन उत्तर दिले जाते. ती माहिती हवीच. पण नुसत्या माहितीने हा बिघाड दुरुस्त होत नाही, कारण तो होतो त्या क्षणी माहिती आठवण्याच्या मनःस्थितीत आपण नसतो. प्रशिक्षणात आणि गावभेटींत अनेक कार्यकर्त्यांसोबत बसल्यावर माझे मत असे झाले आहे की बोलणे तुटण्याच्या थोडे आधी आपल्याच शरीरात आणि आवाजात काहीतरी बदलते, आणि ते वेळीच ओळखता आले तर पुढचे बरेच काही वाचवता येते.

बिघाड नेमका कुठे होतो

पावसाळ्यातला एक प्रसंग घेऊ. थोड्याफार फरकाने तो दर वर्षी अनेक गावांत घडतो. परिचारिका ओसरीवर बसून दीड वर्षाच्या मुलीच्या दंडाला मोजपट्टी लावते. माप लाल भागात येते, म्हणजे दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आहे आणि मूल तीव्र कुपोषित आहे. आई दाराला टेकून गप्प उभी आहे. आजी सुपात कुटकी पाखडते आहे.

“आजी, हिला धारणीला दवाखान्यात न्यावं लागेल. चौदा दिवस ठेवावं लागेल.”

“हो बाई.”

“उद्या सकाळी गाडी येईल. तुम्ही तयारी करून ठेवा.”

“हो बाई.”

सूप थांबत नाही. परिचारिका तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हणते. पुन्हा “हो बाई” येते आणि सूप चालूच राहते.

“ऐकून राहिली का तू? उद्या काही झालं तर कोण जबाबदार?”

सूप थांबते. आजी उठून आत जाते, आणि आईही लेकीला काखेत घेऊन तिच्यामागे जाते.

शेवटचे वाक्य चुकले हे कोणालाही कळेल, परंतु त्याच्या आधी काय झाले ते पाहणे अधिक उपयोगाचे आहे. तेच वाक्य दुसऱ्यांदा मोठ्याने म्हटले गेले, तेव्हाच परिचारिकेचा तोल जायला लागला होता. त्यानंतर ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले. आपल्याकडे आजीला मायेने ‘तू’ म्हणणारे नातू पुष्कळ आहेत, पण हातात रजिस्टर धरलेल्या माणसाच्या तोंडून मध्येच आलेला ‘तू’ तसा ऐकू जात नाही. आणि ‘जबाबदार’ हा मुद्दा आजीने काढलेलाच नव्हता. तो परिचारिकेच्या मनात होता. तिच्या यादीतले मूल दगावले तर आढावा बैठकीत तिला उभे करून विचारले जाईल, शिवाय मूल डोळ्यांदेखत जाईल ते वेगळेच. ही भीती खरी आहे आणि तिच्यात लाजण्यासारखे काहीही नाही. अडचण एवढीच की भीती बाहेर पडताना रागाच्या रूपात पडते, आणि समोरच्याला त्यातला फक्त राग दिसतो.

आधी स्वतःची तपासणी

प्रत्येकाची खूण वेगळी असते. कोणाच्या कानाच्या पाळ्या गरम होतात, कोणाचे दात आवळले जातात, कोणाचा श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतो. काहींची हिंदी अचानक वेगाने धावू लागते, काही जण सारखे घड्याळाकडे किंवा मोबाइलकडे पाहू लागतात. मागच्या दोन-तीन बिघडलेल्या भेटी शांतपणे आठवून आपली खूण कोणती ते शोधावे आणि लिहून ठेवावे. शक्य असल्यास सोबत येणाऱ्या आशाताईंना विचारावे. त्यांनी आपल्याला बाहेरून पाहिलेले असते, आणि मोकळेपणाने विचारले तर त्या बरोबर सांगतात.

खूण जाणवली की पहिली कृती मनातल्या मनात करायची आहे. आपल्याला जे वाटते आहे त्याला नाव द्यायचे: ‘मला भीती वाटते आहे, ही मुलगी वाचणार नाही अशी’, किंवा ‘मला अपमान वाटतो आहे’, किंवा नुसतेच ‘मी सकाळपासून उपाशी आहे आणि अजून चार घरे बाकी आहेत’. हे सोपे वाटते म्हणून कोणी करत नाही, पण त्याला आधार आहे. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या चित्रणाच्या अभ्यासात असे दिसले की भावनेला शब्दांत नाव दिल्यावर मेंदूतील अमिग्डला या भागाची खळबळ कमी होते. धोक्याची जाणीव होताच खडबडून जागा होणारा हाच तो भाग. तेव्हा ‘राग आला’ एवढ्यावर न थांबता रागाच्या मागे काय आहे तेही मनात म्हणावे.

दुसरी कृती श्वासाची. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना कमी होते. म्हणून घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांब ठेवला, आणि असे चार-पाच वेळा केले, की शरीर सावकाश खाली उतरू लागते. यासाठी डोळे मिटण्याची किंवा कोणाला कळू देण्याची गरज नाही. मोजपट्टी गुंडाळत गुंडाळत हे करता येते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण प्रामाणिक माणसे नेमकी येथेच फसतात. शांत राहणे म्हणजे राग गिळून चेहरा हसरा ठेवणे, असा आपल्या नोकरीतल्या शिस्तीचा अर्थ होऊन बसला आहे. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांच्या २००३ मधील प्रयोगात दोन अनोळखी स्त्रियांना एका त्रासदायक विषयावर बोलायला बसवले होते आणि काही जोड्यांत एकीला भावना चेहऱ्यावर दिसू न देण्यास सांगितले होते. त्या जोड्यांत समोरच्या स्त्रीचा, म्हणजे जिला काहीच सांगितलेले नव्हते तिचाही, रक्तदाब वाढला. दाबून ठेवलेले समोरच्याला जाणवते. काय दाबले आहे ते मात्र कळत नाही, म्हणून माणूस अधिकच सावध होतो. त्यापेक्षा सरळ बोलावे: “आजी, मला हिची लय काळजी वाटते, म्हणून आवाज चढला. तुमच्यावर राग नाही.” असे म्हटल्याने अधिकार कमी होईल अशी धास्ती नव्या कार्यकर्त्यांना वाटते. ओसरीवर बसलेल्या आजीला अधिकाराची ओळख पुरेशी आहे. काळजीची ओळख तिला अजून व्हायची असते.

जाता जाता पाण्याबद्दल. घरच्यांनी पुढे केलेला तांब्या बाजूला ठेवून पिशवीतली बाटली काढणे, हे गावात लक्षात राहते आणि चार घरांपर्यंत पोहोचते. पावसाळ्यात पाण्याची खात्री नसते हे खरे आहे. अशा वेळी “काळा चहा टाका, तो घेते” असे म्हणावे. चहा उकळेपर्यंत मिळणारा वेळ आपल्याही कामाचा असतो.

‘हो’ आणि गप्प बसणे

वरच्या प्रसंगात सूप चालू होते, यातच उत्तर होते. अनोळखी, शिकलेल्या आणि सरकारी माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणणे अनेक घरांत असभ्य समजले जाते, आणि अनुभवाने ते धोक्याचेही ठरलेले आहे. वनखात्याचे, पोलिसांचे, सावकाराचे माणूस ज्या दारात पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले, त्याच दारात आपण ओळखपत्र गळ्यात घालून उभे असतो. मेळघाट व्याघ्र प्रकल्प देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. जंगलाबाबतचे नियम, बंदी आणि पुनर्वसन यांविषयी या गावांनी इतकी बोलणी ऐकली आहेत की ‘हो’ म्हणून माणसाला वाटेला लावणे ही स्वतःच्या बचावाची रीत झाली आहे. या ‘हो’चा अर्थ ‘तुमचे ऐकू आले’ एवढाच धरावा.

गप्प बसण्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. आपण शांततेला नकार समजतो आणि ती भरून काढायला लगेच दुसरे वाक्य टाकतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचे उदाहरण येथे विचार करण्यासारखे आहे. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे ‘आमच्या गावात आमचे राज्य’, असे म्हणणारे हे गाव. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे गाव म्हणून ते देशभर माहीत आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाचेही समाधान झाले नसेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. अशा रीतीने विचार करणाऱ्या माणसांसाठी गप्प बसणे हा निर्णयातलाच एक टप्पा असतो, आणि तासाभरात सही घेऊन जायला आलेल्या माणसाला मात्र तो अडथळा वाटतो. मेळघाटातले कोरकू आणि गडचिरोलीतले गोंड हे वेगवेगळे समाज आहेत, एकाची रीत दुसऱ्याला जशीच्या तशी लावता येत नाही. तरी घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय एकटीने शब्द द्यायचा नाही, हे कोरकू घरातही दिसते. आई दाराला टेकून गप्प उभी होती ती म्हणूनच. तिचा नवरा घरी नव्हता, सासू उत्तर देत होती, आणि तिला स्वतःला काय वाटते हे कोणी विचारलेच नव्हते.

भाषेचाही भाग आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, तिचा मराठीशी किंवा हिंदीशी कुळाचा संबंध नाही. परिचारिका हिंदीत बोलते तेव्हा हिंदी तिचीही नसते आणि आजीचीही नसते. दोघी उसन्या भाषेत बोलत असतात, आणि उसन्या भाषेत आर्जव करायला गेलेले वाक्य हुकमासारखे बाहेर पडते. वाक्य लहान ठेवावे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी. आशाताई दुभाष्याचे काम करत असतील तर नजर त्यांच्याकडे न ठेवता आजीकडे ठेवावी. घरातल्या शाळकरी मुलाला दुभाषी करून त्याच्या धाकट्या बहिणीच्या जिवाला धोका आहे हे त्याच्याच तोंडून वदवून घेणे, हे मात्र कधीही करू नये.

प्रश्न कसे विचारावेत

समजावून सांगण्याऐवजी प्रश्न विचारावेत, हा सल्ला सगळ्यांनाच माहीत असतो. अमरावती जिल्ह्याच्या मातीतच त्याची मोठी परंपरा आहे. गाडगेबाबा कीर्तनात उपदेश करत बसत नसत. ते समोरच्या शेतकऱ्याला साधे प्रश्न विचारत आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेत. पण बाबा फाटक्या गोधडीत, हातात खराटा घेऊन उभे असत. आपल्या हातात रजिस्टर असते, आणि रजिस्टर उघडून विचारलेला प्रश्न चौकशी होतो.

फासेपारधी समाजाच्या बेड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, हे अधिक तीव्रतेने जाणवते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांना १९५२ मध्ये त्या यादीतून मुक्त केले गेले. पण “रात्री कुठे होतास, घरात किती माणसे आहेत” हे प्रश्न त्यानंतरही थांबले नाहीत. तेथे घरातल्या माणसांची संख्या विचारणारा शिक्षक हजेरीपटासाठी विचारतो आहे हे त्याला माहीत असते, समोरच्याला नसते. अशा वेळी समोरचा चिडला तर तो आपल्यावर चिडलेला नाही, हे ओळखणे म्हणजेच स्वतःचा तोल सांभाळण्याचे निम्मे काम आहे. प्रश्नाआधी कारण सांगावे, आणि शक्य तेथे रजिस्टर नंतर भरावे.

परिचारिकेने आजीला विचारायचा प्रश्न ‘का येत नाही’ हा नाही. ‘का’ने सुरू झालेल्या प्रश्नात आरोप ऐकू येतो. “चौदा दिवस आई दवाखान्यात राहिली तर घरी काय काय अडेल?” असे विचारले की सूप थांबण्याची शक्यता बरीच वाढते. मग कळते की घरात तीन वर्षांचा आणखी एक मुलगा आहे, बैल आहेत, निंदणाची मजुरी आत्ताच मिळते आणि दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडेपर्यंत तीच हाती असते. हेही कळू शकते की शेजारच्या घरातले मूल दवाखान्यात नेले आणि परत आले ते गुंडाळलेलेच. यातली कोणतीही अडचण अंधश्रद्धेची नाही. आदिवासी भागात मूल दाखल असताना आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे, तिच्याविषयी बोलणे आता सुरू करता येते. मुलग्याला कोण सांभाळणार हे ठरवता येते.

‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे वाक्य मला फार धोक्याचे वाटते, कारण ते म्हटले की पुढे विचारायचे काही उरत नाही. भूक, मजुरी आणि दवाखान्यापर्यंतचे अंतर यांना संस्कृती म्हणता येत नाही. आणि संस्कृती आपलीही असते: वेळेचा हिशोब, उद्दिष्टाचा तक्ता, लिहून दिले म्हणजे झाले अशी समजूत. मेलनी टर्वलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या कॅलिफोर्नियातल्या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये असे मांडले की दुसऱ्याची संस्कृती ‘शिकून पूर्ण’ करता येत नाही. डॉक्टरने स्वतःला सतत तपासत राहणे आणि रुग्णाला शिक्षकाच्या जागी मानणे हेच खरे शिक्षण आहे. त्यांच्यासमोर ओकलंडमधले रुग्ण होते, तरी आपल्या ओसरीवरही हे तितकेच लागू पडते.

भुमकाविषयी, म्हणजे गावातल्या पारंपरिक उपचार करणाऱ्याविषयी, बोलताना आपला तोल सर्वांत लवकर जातो, विशेषतः लेकराच्या पोटावर दिलेले चटके दिसले की. ते चटके वाईटच आहेत, त्याबद्दल मवाळ होण्याचे कारण नाही. मात्र ज्या आईने ते देऊ दिले तिने लेकराचे पोट फुगलेले पाहून, जवळ जो उपाय होता तो केला आहे. तिला आधी विचारावे की किती दिवस दुखत होते, रात्री झोपले होते का, आणि जखमेवर औषध लावत लावत सांगावे की याने पोट बरे होत नाही, उलट जखम चिघळून लेकराच्या जिवावर बेतते.

बोलणे तुटल्यावर

एकदा राग चढला की शरीर लगेच निवत नाही. दांपत्यांच्या भांडणांचा दीर्घ अभ्यास करणारे जॉन गॉटमन अशा वेळी किमान वीस मिनिटे थांबायला सांगतात, आणि त्या वीस मिनिटांत मनात भांडण घोळवत राहू नये असेही सांगतात. आजी आत गेली तर तिच्या मागे आत जाऊ नये आणि दारातून ओरडून बोलूही नये. “मी पलीकडच्या घरी जाऊन येते” असे सांगून खरोखरच जावे, आणि सांगितल्याप्रमाणे परत यावे. परत आल्यावर विषय पुन्हा काढण्याआधी आपल्या त्या वाक्याबद्दल बोलावे: “मघाशी तुम्हाला तू म्हणाले, ते बरोबर नव्हतं.” येथे ‘पण’ जोडू नये. ‘पण तुम्हीही ऐकत नव्हता’ असे पुढे आले की आधीचे सगळे पुसले जाते.

त्या दिवशी घरातले पुरुष भेटणार नसतील तर संध्याकाळी, माणसे शेतातून परतल्यावर जावे. गावातल्या ज्या बाईचे मूल दाखल होऊन बरे झाले असेल तिला सोबत न्यावे. तिचे कोरकूतले चार शब्द आपल्या तासभराच्या हिंदीपेक्षा अधिक काम करतात.

थांबायला वेळ नसेल तेव्हा

हे सर्व सबुरीचे उपाय आहेत आणि प्रत्येक वेळी सबुरी परवडत नाही. मूल दूध किंवा पाणी घेतच नसेल, घेतलेले सगळे उलटून टाकत असेल, झटके आले असतील किंवा हाक मारूनही डोळे उघडत नसेल, तर समजूत पूर्ण होण्याची वाट पाहायची नसते. आधी १०८ ला फोन करावा. मग आवाज खाली ठेवून, आजीच्या डोळ्यांत पाहून, एकच वाक्य बोलावे: “हिचा जीव धोक्यात आहे, आत्ताच निघायचं आहे, मी सोबत येते.” कोण जबाबदार, आधी का सांगितले नाही, चटके कोणी दिले, यांतले काहीही त्या वेळी काढू नये. घरातल्या एका माणसाला दुसऱ्या मुलापाशी थांबायला सांगावे, आजीला यायचे असेल तर तिला गाडीत जागा करून द्यावी, आणि घरच्यांनी भुमकालाही सोबत घ्यायचे म्हटले तर वाद न घालता त्यालाही बसू द्यावे.